गल्ल्यावर कोणीच नाही

२८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका जुन्या भांडणाचा निकाल लावला. हॉटेलात खाल्ल्यावर बिलाच्या तळाशी ‘सेवाशुल्क’ आपोआप जोडायचे की नाही, हे ते भांडण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशी वसुली करू नये असे बजावले होते. त्याच महिन्याच्या २० तारखेला न्यायालयाने त्या सूचनांना स्थगिती दिली आणि अखेर पावणेतीन वर्षांनी त्या वैध ठरवल्या. दाद मागणाऱ्या हॉटेलचालकांच्या दोन देशव्यापी संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरायला लावला. संघटनांनी त्याविरुद्ध अपील केले. सेवाशुल्काचा पैसा कामगारांमध्ये वाटला जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याला खुशीने द्यायचे आहे त्याने द्यावे, सक्ती नको, असे प्राधिकरणाचे म्हणणे.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला याचा आनंद आहेच. पण या सगळ्या खटल्यात सेवेच्या किमतीची जेवढी चर्चा झाली, तेवढी सेवेची झाली नाही. तुम्ही-आम्ही ज्या हॉटेलात जातो तिथे सेवाशुल्क नावाची गोष्ट बहुधा कधी नव्हतीच. नाक्यावरचे, स्टेशनसमोरचे, शाळेच्या गल्लीतले ते उडुपी किंवा मराठी हॉटेल. तिथे इडली-वडा, राईसप्लेट, मिसळ, कटिंग चहा आणि बिलाच्या बशीत बडीशेप. तिथला आपला अनुभव अलीकडे बिघडत चालला आहे, हे कोणाही पांढरपेशा माणसाशी पाच मिनिटे बोलले तरी कळते. पाणी मागावे लागते. मागवलेले एक, येते दुसरे. टेबल पुसायला फडका येतो तो आधीच्या टेबलाची चटणी घेऊन. आणि तक्रार केली तर समोरचा माणूस आपल्याकडे अशा नजरेने बघतो की, जणू आपण त्याच्याशी परक्या भाषेत बोलत आहोत.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण तयार असते. ‘हल्लीची पोरे उद्धट झाली’, ‘कोणाला कामच नको आहे’, ‘परप्रांतीय आले आणि सगळे बिघडले’. मला ही तिन्ही स्पष्टीकरणे पटत नाहीत. माझे म्हणणे असे आहे की, वेटर बिघडलेला नाही. त्याच्या हातातून आणि त्याच्या मागे बसणाऱ्या माणसाच्या हातातून निर्णय काढून घेतला गेला आहे. ज्याच्याशी आपण बोलतो त्याला काहीच ठरवता येत नाही, आणि ज्याला ठरवता येते तो तिथे नसतो.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. हॉटेलचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते कुठलेही असू शकते. मी आणि माझे एक निवृत्त शिक्षक मित्र सकाळी दहाच्या सुमारास डोसा खायला गेलो. मेनूकार्ड नव्हते. टेबलावर काळ्या-पांढऱ्या चौकडीचा क्यूआर कोड चिकटवलेला होता. मित्राकडे बटणांचा फोन. शेवटी वेटरने तोंडी यादी म्हणून दाखवली. अर्धीअधिक टेबले रिकामी होती, तरी आमचे दोन साधे डोसे यायला पस्तीस मिनिटे लागली. कारण समोरच दिसत होते. गल्ल्याशेजारी हेल्मेट घातलेली पाच-सहा मुले उभी होती, एक यंत्र सारखे टिंगटिंग वाजत होते आणि भटारखान्यातून निघणारी प्रत्येक वस्तू कागदी पिशवीत जात होती.

डोसे आले ते मैसूर मसाला. मित्रांना तिखट चालत नाही. वेटर म्हणाला, ‘‘साहब, सिस्टीम में यही चढा है.’’ साधा डोसा मिळणार असेल तर तो नवा, आणि बिलात चौघांचे पैसे. गल्ल्यावर जो मुलगा बसला होता त्याला आम्ही विचारले. तो म्हणाला की, एकदा चढलेली ऑर्डर काढायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि मॅनेजर दुसऱ्या शाखेत आहेत. मालक? मालकांना त्याने अजून पाहिलेले नव्हते. मग तो वेटर, वीस-बावीस वर्षांचा असेल, खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘काका, जो फरक है वो मैं अपने पास से दे देता हूँ, आप फोन पे कुछ मत लिखना.’’ पूर्वी कोणीतरी फोनवर वाईट शेरा लिहिला होता, तेव्हा त्याच्या पगारातून पैसे कापले होते, असे त्याने सांगितले. आम्ही अर्थातच त्याच्याकडून काही घेतले नाही. पण नव्वद रुपयांच्या डोशासाठी एक गरीब मुलगा आपल्या खिशातून भरपाई द्यायला निघतो, कारण त्या सबंध व्यवस्थेत भरपाई देऊ शकणारा तो एकटाच असतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

‘सिस्टीममध्ये गेले आहे’ हे वाक्य मी बँकेत असताना हजारदा ऐकले. त्याची ओळख मला जुनी आहे. त्याकडे नंतर येतो. आधी हॉटेलाकडे.

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास हा गल्ल्याचा इतिहास आहे. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ सालचे. इराणी हॉटेलात मालक दाराशी, उंच काउंटरमागे बसे आणि भिंतीवरच्या आरशांतून त्याला सगळी टेबले दिसत. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. दक्षिण कन्नडातून आलेल्या अशा माणसांनी शहराला शिस्तीचे, स्वच्छ आणि स्वस्त जेवण दिले. या दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान होती. गल्ल्यावर बसणारा माणूस मालक असे, भागीदार असे किंवा निदान मालकाचा पुतण्या तरी असे. सांबार आंबले आहे असे गिऱ्हाइकाने म्हटले तर तो स्वतः चमचा घेऊन चाखत असे. ‘अण्णा, हे काय?’ एवढे म्हटले की प्रश्न दोन सेकंदांत मिटत असे: एक तर वस्तू बदलून मिळे, नाहीतर स्पष्ट नकार मिळे. इराण्याचा नकार तर प्रसिद्धच होता. पण तो नकारही माणसाचा असे. त्याच्याशी भांडता येई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडे ब्रून-मस्का खाता येई.

आणखी एक गोष्ट होती. तिथे शिडी होती. गावाकडून आलेला मुलगा आधी भांडी घासे, मग टेबल पुसे, मग वेटर होई. नशीब आणि नातेगोते असेल तर गल्ल्यावर बसे आणि कोणी पुढे स्वतःचे हॉटेल काढी. पुण्यात ‘वैशाली’चे जगन्नाथ शेट्टी २०२३ साली वारले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुणेकरांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले, ते केवळ डोशाच्या चवीमुळे नव्हे. ज्याला उद्या गल्ल्यावर बसायचे आहे तो आज गिऱ्हाइकाचा चेहरा लक्षात ठेवतो. ज्याला पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात जायचे आहे, त्याने तो का ठेवावा?

इथे वाचकांनी मला जुन्या काळाचा भाट समजू नये. त्या चपळ सेवेच्या तळाशी काय होते, हेही सांगितले पाहिजे. दहा-बारा वर्षांची मुले होती. ‘ए पोऱ्या’ म्हटले की धावत येणारी, सकाळी साडेपाचला उठून रात्री अकरानंतर त्याच टेबलांवर अंग टाकणारी. त्यांतली काही रात्रशाळेत जात आणि मॅट्रिकही होत. पुष्कळशी जात नसत. पाण्याचा ग्लास क्षणात समोर येई, कारण तो आणणाऱ्याला झोपेचा हक्क नव्हता. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना ठेवायला सरकारने बंदी केली. पूर्वीसारखी सेवा राहिली नाही असे म्हणताना, ती सेवा कोणाच्या जिवावर होती हे विसरून चालणार नाही. त्याहून आधीचा, पंगतीत जात विचारणारा काळ तर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच नाही. कोणीही यावे, बसावे, पैसे टाकून खावे आणि त्याला कोणी ऊठ म्हणू नये, हा हक्क आपल्या देशात घटनेत लिहून घ्यावा लागला. म्हणून नाक्यावरच्या हॉटेलातली वागणूक ही चोचल्यांची बाब नाही.

मग गल्ल्यावरचा माणूस गेला कुठे? त्याची कारणे हिशेबाची आहेत आणि ती मला तरी हिशेबानेच कळतात.

पहिले कारण, मालकाची पुढची पिढी. हॉटेलवाल्याचा मुलगा इंजिनिअर किंवा डॉक्टर झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. तो गल्ल्यावर बसणार नाही. मग हॉटेल ‘कंडक्टिंग’वर जाते. म्हणजे परवाना आणि जागा मूळ मालकाची, धंदा दुसऱ्याचा, आणि दरमहा ठरलेली रक्कम मालकाला. चालवणाऱ्याचा करार ठरावीक मुदतीचा असतो. करार संपेपर्यंत जेवढे काढता येईल तेवढे काढायचे. वीस वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नाही. त्याच माणसाने अशी तीन-चार हॉटेले घेतली की, तो कुठल्याच गल्ल्यावर नसतो. तिथे पगारी मुलगा बसतो, आणि त्या मुलाने हात मारू नये म्हणून त्याचे हात संगणकाने बांधलेले असतात. आमचा डोसा बदलला गेला नाही तो यामुळे. चोरी थांबवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने माणुसकीही थांबवली.

दुसरे कारण कराचे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला तेव्हा साध्या हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के दर होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो सरसकट ५ टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली गेली. ग्राहकाला बिल हलके दिसले. हॉटेलवाल्याला मात्र भाडे, यंत्रे, डागडुजी यांवरचा कर स्वतःच्या खर्चात धरावा लागला. खर्च वाढला की कात्री सर्वांत आधी कुठे लागते? गॅस तेवढाच लागतो, भाडे ठरलेले असते. चार वेटरांच्या जागी दोन ठेवता येतात.

तिसरे कारण त्या टिंगटिंग वाजणाऱ्या यंत्रात आहे. फोनवरून येणाऱ्या ऑर्डरींवर कंपन्या जबर कमिशन कापतात, तरीही हॉटेलवाला त्यांना नाही म्हणू शकत नाही. त्या ऑर्डरीला उशीर झाला तर मिनिटांची नोंद होते, तारे कमी होतात आणि यादीत हॉटेल खाली जाते. टेबलावर बसलेल्या म्हाताऱ्याला उशीर झाला तर कुठेच नोंद होत नाही. कोणताही व्यवहारी माणूस आधी कोणाचे काम करील? जो समोर आहे तो थांबेल, कारण तो माणूस आहे आणि त्याला संकोच आहे. गंमत अशी की, या कंपन्यांनी २०२३ साली प्रत्येक ऑर्डरीमागे दोन रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ घ्यायला सुरुवात केली आणि ती पुढे वाढत गेली. सेवाशुल्कासाठी देशभर वाद झाला. हे पैसे आपण बोटाच्या एका स्पर्शाने देतो.

चौथे कारण खुद्द कामगाराचे. कुंदापूर-उडुपीकडून येणारी मुले आता तितकी येत नाहीत. आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल आणि नेपाळमधून मुले येतात. २०२० च्या टाळेबंदीत आपण त्यांना रस्त्याने चालत जाताना पाहिले. जे परत आले ते ठेकेदारामार्फत, थोड्या दिवसांसाठी. आपल्या राज्यातल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी फक्त सरकारला कळवायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास आणि रोजच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. नाक्यावरच्या हॉटेलात वीस कामगार असतात कुठे? ज्याच्या तासांची नीट मोजदाद होत नाही आणि ज्याचे नाव वहीत असेलच असे नाही, त्याने आपल्याकडे बघून हसावे, अशी आपली अपेक्षा आहे.

आता बँकेविषयी. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आमच्या बँकांच्या ग्राहकसेवेबद्दल लोक काय बोलत, हे मला पाठ आहे. टोकन घेऊन तासभर बसणे, ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर, पासबुक भरायला आठ दिवस. तक्रारी खऱ्या होत्या. त्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. १९७० च्या दशकात तलवार समिती, १९९१ साली अहवाल देणारी गोईपोरिया समिती, २०११ साली दामोदरन समिती. १९९५ साली बँकिंग लोकपाल आला. प्रत्येक समितीने चांगल्या शिफारशी केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा अमलातही आल्या. संगणकाने पासबुकाचे आठ दिवस आठ सेकंदांवर आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत गेली, तिच्यावर कुठली समिती नेमली गेली नाही. पूर्वी शाखेच्या मॅनेजरला थोडा अधिकार असे. ओळखीच्या दुकानदाराच्या खात्यात दोनशे रुपये कमी असले तरी त्याचा चेक तो स्वतःच्या जबाबदारीवर पास करी. म्हातारीची सही जुळली नाही तर तिला समोर बसवून, तिच्याशी बोलून खात्री करून घेई. त्या अधिकाराचा गैरवापर झाला, म्हणून तो आकसत गेला आणि अखेर संगणकात गेला. आज शाखेत बसलेली मुले आमच्यापेक्षा हुशार आणि नम्र आहेत. पण ती काही करू शकत नाहीत. ‘सिस्टीम अलाऊ करत नाही’ असे सांगताना त्यांचा चेहरा त्या वेटरसारखाच होतो. मी एवढे पाहिले आहे की, समोरच्या माणसाचा अधिकार जितका कमी होतो, तितक्या तक्रार करण्याच्या जागा वाढतात. दोन्ही एकाच वेळी वाढले तर ते खरे. पण तसे घडताना मी पाहिलेले नाही.

हॉटेलांच्या बाबतीतही तसेच चालले आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता, त्याच्या जागी २०१९ चा आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा १९१५ हा क्रमांक आहे. सेवाशुल्क लावले तर तिथे जरूर फोन करावा. पण चटणी आंबली होती किंवा साध्या डोशाऐवजी मैसूर आला, म्हणून कोणी १९१५ फिरवणार नाही. मग उरतात फोनवरचे तारे. पाचांपैकी एक तारा देऊन आपण राग काढतो. तो तारा करार केलेल्या चालकाला लागत नाही, जागेच्या मालकाला तर नाहीच नाही. तो वरून खाली घरंगळत येतो आणि टेबल पुसणाऱ्याच्या पगारात थांबतो. पूर्वीची तक्रार वर जात असे. आजची खाली जाते.

यावर उपाय काय? मोठा उपाय एकदा आपल्या देशात झालेला आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तिथल्या कामगारांनी १९५७-५८ च्या सुमारास सहकारी संस्था काढून ‘इंडियन कॉफी हाऊस’ स्वतः चालवायला घेतले. तुरेवाला फेटा घालून कॉफी आणणारा माणूसच तिथे संस्थेचा सभासद असतो. त्यांचीही सेवा कधी कधी संथ असते, पण तिथल्या वेटरच्या वागण्यात मला लाचारी दिसली नाही आणि बेपर्वाईही दिसली नाही. प्रत्येक नाक्यावर सहकारी संस्था निघणार नाही, हे मला समजते. सहकाराचे आपण काय केले तेही मला माहीत आहे.

छोटे उपाय मात्र अवघड नाहीत. वेटरला दिवसातून दोन-तीन पदार्थ कोणालाही न विचारता बदलून देण्याची मुभा द्यावी. महिनाअखेर त्याचा खर्च काढला तर तो कागदी पिशव्यांच्या खर्चाहून कमी निघेल. गल्ल्याच्या मागे, परवान्याच्या शेजारी, हॉटेल आज प्रत्यक्ष कोण चालवतो त्याचे नाव आणि तो कोणत्या वेळी भेटेल याची पाटी असावी. पाट्या लिहिण्यात आपण कधी मागे नव्हतो. छापील मेनूकार्डाच्या दोन प्रती ठेवाव्यात. बिलासाठी मोबाइल नंबर मागण्याचा आग्रह धरू नये असे केंद्राने मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितले होते, ते हॉटेलांनीही मनावर घ्यावे. आणि कामगाराला द्यायचे ते पगारात द्यावे. डोसा त्यासाठी पाच रुपयांनी महागला तरी चालेल, पण पदार्थाच्या दरात महागावा, बिलाच्या तळाशी नको.

गिऱ्हाइकाकडेही थोडे काम आहे. ‘ए छोटू’ बंद करून नाव विचारावे. शेरा फोनवर लिहिण्याआधी गल्ल्यावर जाऊन मालकाला भेटायचे आहे असे म्हणावे. तो नाही म्हटल्यावर, कधी येतात असे विचारावे, आणि त्या वेळी जावे. दहा गिऱ्हाइके अशी गेली तर अकराव्याला तो भेटेल. टीप द्यायची तर ती त्या मुलाच्या हातात द्यावी.

हे सारे एवढ्यासाठी म्हणायचे की, शहरात एकट्या माणसांची संख्या वाढते आहे. मुले परदेशी गेलेले आजी-आजोबा आहेत, खोली घेऊन राहणाऱ्या नोकरदार मुली आहेत, स्पर्धा परीक्षांची पोरे आहेत. त्यांना घरपोच जेवण मिळेल, गरम मिळेल, वीस मिनिटांत मिळेल. पण दिवसातून एकदा कोणीतरी ‘आज उशीर झाला?’ असे विचारणे घरपोच मिळत नाही. ते नाक्यावरच्या हॉटेलात, चहाच्या किमतीत मिळत असे. ते हॉटेल म्हणजे ज्यांना शहरात बैठकीची खोली नाही त्यांची बैठकीची खोली होती.

सेवेचे पैसे सक्तीने मागता येणार नाहीत, हे उच्च न्यायालयाने सांगितले. सेवा देण्याचा अधिकार त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कोणी द्यायचा, हे कुठले न्यायालय सांगणार नाही. ते हॉटेल चालवणाऱ्याने ठरवायचे आहे, आणि त्यासाठी आधी त्याने गल्ल्यावर येऊन बसायला हवे.